एलएलएमसाठी पुण्यातल्या कन्सल्टन्सीचं 'लॉ स्पेशल पॅकेज' घेतलं होतं, त्याचा पूर्ण अनुभव

आधीच सांगते, कन्सल्टन्सीचं नाव लिहिणार नाहीये. पैसे परत घेताना कुठेही नाव घेणार नाही असं मी सही करून दिलंय आणि वकील असून स्वतःच्याच सहीला जागले नाही तर काय उपयोग. पण गेल्या सहा महिन्यांत कॉलेजच्या निदान दहा-बारा ज्युनियर पोरींनी विचारलंय की ताई, बाहेर एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, जायचंय, कन्सल्टन्सी लावू का, लावली तर किती पैसे द्यायचे, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माझ्या दोन मैत्रिणींनी दुसरीकडे पॅकेज घेतलं होतं आणि त्यांचाही अनुभव थोड्याफार फरकाने असाच आहे.

माझं थोडक्यात सांगते. बीकॉम सांगलीतून, एलएलबी पुण्यातून, ६१ टक्के, आणि चार वर्षं शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस, त्यातही बहुतेक काम भूसंपादनाचं. २०२४ च्या जूनमध्ये ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. घरात बाहेर शिकलेलं कुणीच नाही, बाबा जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले मास्तर, त्यांना वाटलं माहीतगार माणसाकडे जावं म्हणजे फसगत नको. म्हणून गेलो. पॅकेज ८५,००० चं, त्यातले ५०,००० आधी भरले. त्यात सहा युनिव्हर्सिटीज, एसओपी (मला हे का शिकायचंय ते सांगणारा निबंध), रेको लेटर्स (शिफारसपत्रं), ट्रान्सक्रिप्टची (युनिव्हर्सिटीने दिलेल्या सगळ्या मार्कांच्या उताऱ्याची) धावपळ आणि व्हिसा फाईल असं सगळं त्यांनी करायचं होतं.

पहिल्या भेटीतच खरं तर एक गोष्ट खटकायला हवी होती. त्यांच्याकडे दोन प्रकार असतात, एक फ्री आणि एक पैसे भरून. फ्री कसं परवडतं, तर ब्रिटनमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीज इथल्या एजंटना प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. यात लपवण्यासारखं काही नाही, युनिव्हर्सिटीज स्वतःच्या वेबसाईटवर भारतातल्या एजंटची यादी टाकतात. एमबीए किंवा डेटा सायन्सला जाणाऱ्या मुलांना यातून कदाचित ठीक मिळत असेल, मला त्यातलं कळत नाही. पण लॉमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज एजंटमार्फत मुलं घेत नाहीत आणि अमेरिकेतल्या नावाजलेल्या लॉ स्कूल्सचा सगळा कारभार थेट विद्यार्थ्याशी चालतो. म्हणजे तुम्हाला जिथे जायचंय तिथून यांना एक रुपया मिळत नाही. मग पहिल्या यादीत काय आलं, तर सहापैकी पाच कॉलेजं अशी की ज्यांच्या लॉ डिपार्टमेंटमध्ये माझ्या विषयाचा एकही कोर्स नव्हता. मी प्रत्येक कॉलेजची मॉड्यूल लिस्ट रात्री बसून वाचली म्हणून कळलं. विचारलं तर उत्तर असं की मॅम तिथे तुमचं शंभर टक्के होणार. अहो, होणार हे खरं, पण तिथे जाऊन मी शिकू काय?

नंतर एलसॅटचा, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. आणखी ४५,००० भरा म्हणाले. मी तेव्हा तोंडावर काही बोलले नाही, घरी येऊन वाचलं. एलसॅट लागते जेडीला, म्हणजे अमेरिकेतली तीन वर्षांची वकिलीची मूळ डिग्री, कुठल्याही ग्रॅज्युएशननंतर करतात ती. आपल्याकडे एलएलबी झालेल्यांसाठी एक वर्षाचं एलएलएम असतं आणि त्याला एलसॅट लागत नाही. ज्यांना खरंच जेडी करायचंय त्यांच्यासाठी सांगते, ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधला लॉजिक गेम्सचा भाग काढलाय, त्यामुळे जुनी पुस्तकं विकत घेताना बघून घ्या. यांच्याकडे क्लाससाठी दिलेली झेरॉक्स जुनीच होती.

ऑक्सफर्डच्या बीसीएलचं, म्हणजे बॅचलर ऑफ सिव्हिल लॉचं तर त्यांना नावच माहीत नव्हतं. माझी फाईल बघणारी मुलगी म्हणाली, मॅम हे बॅचलर्स आहे, तुमचं बॅचलर्स झालंय, सिस्टीममध्ये घेता येणार नाही. बीसीएल नावाला बॅचलर असलं तरी ते मास्टर्सच्या पातळीचं आहे, कॉमन लॉ, म्हणजे आपल्यासारखी इंग्लंडकडून आलेली कायद्याची पद्धत, शिकलेल्यांसाठीचं. मला हे लहानपणापासून माहीत होतं कारण माझं आजोळ नाशिकचं आणि आजी कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगायची, नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली पोरगी, १८९२ साली ऑक्सफर्डला बीसीएलच्या परीक्षेला बसलेली पहिली बाई. परीक्षा दिली तरी डिग्री नाही, कारण ऑक्सफर्डने बायकांना डिग्री द्यायला १९२० साल उजाडलं. मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि खरंच मनापासून म्हणाली की मला कुणी शिकवलंच नाही हो मॅम. तिचा दोष नाही. तिच्याकडे त्या आठवड्यात नर्सिंगच्या, हॉटेल मॅनेजमेंटच्या आणि माझी अशा चाळीस फाईली होत्या. लॉ स्पेशल म्हणून पैसे घेतात पण लॉ झालेला एकही माणूस ऑफिसात नाही, हे मला तीन महिन्यांनी कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

आणि अजून एक, "एलएलएम केलं की तिकडे वकील" हे वाक्य तिथे बसलेल्या प्रत्येकाला सांगतात. असं नसतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा बार, म्हणजे वकिलीची सनद देणारी व्यवस्था आणि तिची परीक्षा, वेगळी. न्यूयॉर्कमध्ये परदेशी वकिलांना एलएलएम करून बारच्या परीक्षेला बसता येतं पण त्या एलएलएममध्ये किमान २४ क्रेडिट्स आणि ठरलेले विषय लागतात, त्याआधी तुमची इथली डिग्री त्यांच्या बोर्डाकडून तपासून घ्यावी लागते, आणि पास झाल्यावरही सनद मिळायला ५० तास प्रो बोनो, म्हणजे फुकट केलेलं काम दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियात इथली सनद असेल तर एलएलएमशिवायही परीक्षेला बसता येतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर व्हायला एसक्यूई नावाची परीक्षा आहे, तिचा तुमच्या एलएलएमशी काही संबंध नाही. आणि स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा, कोर्टं वेगळी, सॉलिसिटर व्हायचा रस्ता वेगळा. ज्या घरातून कर्ज काढून पोरगी पाठवतायत त्यांना हे आधी कळायला नको का? बारावीनंतर डायरेक्ट ब्रिटनला एलएलबीला जाणाऱ्यांनी तर परत आल्यावर इथे सनद मिळायला बार कौन्सिलची काय अट आहे ते जायच्या आधी लेखी विचारून घ्या, परदेशी डिग्रीवाल्यांना इथे वेगळी परीक्षा असते.

आता ट्रान्सक्रिप्ट. हे नीट सांगते कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं.

अमेरिकेतली बरीच लॉ स्कूल्स कागदपत्रं स्वतः घेत नाहीत, एलएसॅक नावाची संस्था पेनसिल्व्हेनियात न्यूटाउनला आहे, ती सगळ्यांच्या वतीने गोळा करते, तपासते आणि मग एकच फाईल सगळ्या शाळांना पाठवते. ही सर्व्हिस मला स्वतःला आवडली. एकदाच पाठवायचं, पोर्टलवर काय पोचलं काय नाही दिसतं, आणि माझ्या दोन ईमेलना व्यवस्थित उत्तर आलं. पण त्यांचा नियम कडक आहे. ट्रान्सक्रिप्ट तुमच्या युनिव्हर्सिटीने बंद पाकिटात द्यायची, सोबत तुमच्या अकाउंटमधून प्रिंट केलेला ट्रान्सक्रिप्ट रिक्वेस्ट फॉर्म, पाकीट चिकटवल्यावर त्या जोडावर युनिव्हर्सिटीचा शिक्का आणि सही, शिक्का असा की अर्धा वरच्या कागदावर आणि अर्धा खालच्यावर. आणि जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक ठिकाणची. म्हणजे माझी दोन पाकिटं. बीकॉमचं कोल्हापूरहून शिवाजी विद्यापीठाचं, त्यासाठी बाबा सांगलीहून एसटीने दोनदा गेले, आणि एलएलबीचं पुण्याचं.

बाबांचं पाकीट सप्टेंबरच्या शेवटी तयार होतं. पुण्याच्या पाकिटासाठी कन्सल्टन्सीचा माणूस जाणार होता कारण तेच पॅकेजमध्ये होतं. तो गेला, रांगेत उभा राहिला, पाकीट घेऊन आला, इथपर्यंत सगळं बरोबर. मग ऑफिसमध्ये कुणीतरी ते पाकीट फोडलं. का, तर स्कॅन करून ब्रिटनच्या अर्जांना अपलोड करायचं होतं आणि वेगळी कॉपी मागायची राहून गेली होती. फोडून स्कॅन केलं, परत फेव्हिकॉलने चिकटवलं, वर सेलोटेप मारली. मला कुरियरच्या आधी फोटो पाठवला आणि फोटोत मला दिसलं की निळ्या शिक्क्याचे दोन अर्धे एकमेकांना जुळत नाहीयेत, एक रेघभर सरकलेत. मी फोन केला तर म्हणाले मॅम ते कुणी बघत नाही. मी कोर्टात सीलबंद पाकिटं बघते, मुद्देमालाचं सील तुटलं की काय होतं ते बघते, मला सांगतात कुणी बघत नाही! मी ते जाऊ दिलं नाही.

परत अर्ज, परत फी, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या, आणि दुसरं पाकीट हातात आलं नोव्हेंबरच्या २६ तारखेला. या वेळी मी स्वतः गेले. खिडकीवरचे काका चांगले होते, त्यांना मी फॉर्म दाखवला, शिक्का कुठे हवा ते दाखवलं, त्यांनी माझ्यासमोर डिंक लावून, पाकीट पालथं करून जोडावर तीन ठिकाणी शिक्के मारले आणि प्रत्येक शिक्क्यावर सही केली. तिथून बाहेर पडून सरळ कुरियर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पण पोचल्यावर तपासायलाही वेळ लागतो, आणि मला सगळ्यात जास्त हवी असलेली जी शाळा होती तिची फाईल पूर्ण व्हायची तारीख १५ डिसेंबर. नाही झाली. पहिलं पाकीट नीट गेलं असतं तर दोन महिने हातात होते. तिथे मला घेतलं असतंच असं मी म्हणत नाही, पण अर्ज वाचलाच गेला नाही याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून ज्युनियर्सना सांगते, मे-जूनमध्येच ट्रान्सक्रिप्टला अर्ज टाका आणि एकदम पाच संच मागा, चार सीलबंद आणि एक उघडा स्कॅनसाठी. ब्रिटनच्या बहुतेक युनिव्हर्सिटीजना अर्जाच्या वेळी स्कॅन अपलोड केलेलं चालतं, पाकिटाची भानगड अमेरिकेसाठी. आणि नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कुठे आईचं नाव पण घुसवलेलं, पासपोर्टवर वेगळं, लग्न झालेलं असेल तर सनदेवर अजून तिसरंच. ही सगळी एकच बाई आहे याचं नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट आधीच करून ठेवा. कन्सल्टन्सीने हे मला सांगितलं नव्हतं, आमच्या बाररूममधल्या एका मॅडमनी सांगितलं.

आता रेको लेटर. इथे माझा राग नुसता कामातल्या चुकीवर नाहीये. एलएसॅकमध्ये किंवा युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर तुम्ही रेको देणाऱ्याचा ईमेल टाकायचा, त्यांना लिंक जाते, ते स्वतः पत्र अपलोड करतात, तुम्ही ते बघायचं नसतं. माझे सिनियर सर ६८ वर्षांचे, ईमेल त्यांचा मुलगा बघतो. मी कन्सल्टन्सीला एवढंच विचारलं की सरांना लिंक कशी उघडायची ते समजावून सांगाल का. उत्तर आलं, सरांच्या नावाने एक जीमेल काढू, पत्र आपणच लिहू, आपणच अपलोड करू, सगळे असंच करतात. प्रोफेसर मॅडमचं पण तसंच करू म्हणे.

मी दोन मिनिटं काही बोलूच शकले नाही. दुसऱ्याच्या नावाने ईमेल काढून त्याची सही करून पत्र द्यायचं, आणि हे कुणाला सांगतायत, तर वकिलाला, वकिलीच्या शाळेच्या अर्जात. अर्जाच्या शेवटी आपण लिहून देतो की यातली माहिती खरी आहे. उद्या पकडलं तर प्रवेश जाईल तो जाईल, सनदेचं काय? आणि समजा नाही पकडलं, तरी ज्या सरांनी मला उलटतपासणी कशी घ्यायची ते बोटाला धरून शिकवलं त्यांच्या नावाने मी खोटं पत्र टाकायचं? मी नाही म्हटलं आणि शनिवारी लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेले. सरांनी पत्र मराठीत बोलून त्यांच्या मुलाला इंग्रजीत टाईप करायला लावलं, मला बाहेरच्या खोलीत वहिनींशी गप्पा मारत बसवलं, दार लावून घेतलं. पाऊण तास लागला. काय लिहिलंय मला अजून माहीत नाही आणि तेच बरोबर आहे. प्रोफेसर मॅडमनी कॉलेजच्या ईमेलवरून दोन दिवसांत पाठवलं, वर स्वतःहून विचारलं की ६१ टक्क्यांचा अर्थ बाहेरच्यांना कळणार नाही, तुझा वर्गात कितवा नंबर होता ते मी पत्रात लिहू का. माझा चौथा होता. हे कुठल्या पॅकेजमध्ये मिळणार? आपल्याकडे लॉला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असतो, ते माहीत नसलेल्या माणसाला ६१ म्हणजे बेताचे मार्क वाटू शकतात. कॉलेजकडून रँकचं पत्र घ्याच.

एसओपीचा पण असाच प्रकार. त्यांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की मला लहानपणापासून न्यायाची ओढ आहे, मग गांधीजी, मग भारतातली विविधता, आणि चौथ्या पॅराग्राफमध्ये मी एका मूट कोर्टची, म्हणजे लॉच्या मुलांच्या खोट्या खटल्याच्या स्पर्धेची विजेती. मी आयुष्यात मूट जिंकलेली नाही. विचारलं तर म्हणे प्रोफाईल स्ट्राँग दिसायला टाकलंय. पहिला पॅराग्राफ तर माझ्यासोबत अर्ज करणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या एसओपीत जसाच्या तसा होता, आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये मोबाईल शेजारी शेजारी ठेवून वाचला.

मग मी तो सगळा पुसला आणि आमच्या एका अशिलाबद्दल लिहिलं. खेड तालुक्यातले आजोबा, नाव नाही घेत. वडिलांची जमीन प्रकल्पात गेली, निवाड्यात जिरायत धरून मोबदला दिला. जमिनीत विहीर होती, ऊस होता. आजोबा प्रत्येक तारखेला प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने सातबारे घेऊन यायचे आणि पीकपाहणीच्या रकान्यातला 'ऊस' हा शब्द बोटाने दाखवायचे. सगळी केस त्या एका शब्दावर उभी होती. १८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा नवा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, पण जुन्या कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात गेलेले असे किती जण अजून तारखा मोजतायत. मला हे शिकायचंय की बाकीच्या देशांत सरकार जमीन घेतं तेव्हा तिची किंमत कशी ठरते आणि ज्याच्याकडे कागद कमी त्याचं काय होतं. एवढंच लिहिलं, साधं इंग्रजी. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापिकेने वाचून तीन ठिकाणी 'हे म्हणजे काय' असं पेन्सिलने लिहिलं, जिरायत-बागायत हा फरक परदेशातल्या माणसाला एका वाक्यात समजेल असा लिहायला लावला. पैसे घेतले नाहीत, मी हापूसची पेटी नेऊन दिली. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा युनिव्हर्सिटीच्या ऑफरनंतर तिथल्या एका प्रोफेसरशी ऑनलाईन बोलणं झालं तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर ते आजोबा जिंकले का.

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल फार सांगत नाही, त्याला कन्सल्टन्सीच्या क्लासची मला गरज पडली नाही. रायटिंगला पहिल्यांदा ६.५ आले, लॉला बऱ्याच ठिकाणी ७ मागतात, तर आता एकच भाग परत देता येतो, मी तेवढाच दिला.

शिष्यवृत्त्यांबद्दल मात्र कन्सल्टन्सीत मला नोव्हेंबरपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही आणि तोवर चेव्हनिंग, म्हणजे ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती, तिचे अर्ज बंद झाले होते. तिचे अर्ज दरवर्षी ठरावीक मुदतीतच घेतात, निदान २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, चार वर्षं प्रॅक्टिसवाल्या माझ्याकडे तो कधीच झाला होता. फक्त शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, मला तर यायचंच होतं. जे. एन. टाटा एंडाउमेंट मला आमच्या बाररूममध्ये कळलं, १८९२ पासून चालू आहे, कर्जरूपाने देतात. माझ्याच ऑफिसातला ज्युनियर मुलगा राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीला या वर्षी अर्ज करतोय, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे ती, युनिव्हर्सिटीचं जागतिक रँकिंग बघतात. त्याच्या टेबलावर बाबासाहेबांचा लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतला फोटो आहे, १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि १९२२ ला बॅरिस्टर झाले ते. त्या मुलाला मी सांगितलंय की कन्सल्टन्सीत पाऊल टाकायचं नाही, तुझे कागद मी बघते.

आता चांगलं पण लिहिते, कारण ते खरं आहे. व्हिसा बघणाऱ्या ताई एक नंबर होत्या. एलएसॅकच्या सर्व्हिसला पण कॅस म्हणतात आणि ब्रिटनची युनिव्हर्सिटी व्हिसासाठी जे पत्र देते त्याला पण कॅस म्हणतात, ऑफिसातल्या बाकीच्यांचा यात गोंधळ, या ताईंचा कधीच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात लंडनबाहेरसाठी महिन्याला १,१३६ पौंड, नऊ महिन्यांचे १०,२२४, आणि वर राहिलेली फी, एवढे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवायचे होते. बाबांच्या खात्यात दाखवले. ताईंनी स्टेटमेंट ओळ न ओळ वाचलं आणि १९ व्या दिवशी बोट ठेवलं, एलआयसीचा हप्ता आपोआप कापला गेल्यामुळे शिल्लक एका दिवसासाठी सात-आठ हजारांनी खाली गेली होती. एक दिवस खाली गेलं तरी २८ पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझ्या लक्षात कधीच आलं नसतं, व्हिसा तिथेच अडकला असता. वडिलांचे पैसे म्हणून नात्याचा पुरावा, माझा जन्मदाखला मराठीत, त्याचं सर्टिफाईड भाषांतर, बाबांचं संमतीपत्र, टीबीची टेस्ट ब्रिटन सरकारने मान्य केलेल्याच क्लिनिकमध्ये, हे सगळं ताईंनी तारखा घालून कागदावर लिहून दिलं. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, एका वर्षाला ७७६ पौंड असला तरी एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा त्याच्या पुढे चार महिने असतो, ते अर्धं वर्ष धरतात म्हणून दीड वर्षाचे ११६४ भरावे लागतात, हेही त्यांनीच आधी सांगितलं, नाहीतर ऐनवेळी कार्डावर लिमिट कमी पडलं असतं. फक्त व्हिसा फाईलचे वेगळे पैसे घेतले असते तर मी त्या कामाला पाचपैकी पाच दिले असते.

बाकी पॅकेजला पाचपैकी एक. सरांच्या जीमेलचा प्रकार झाला त्याच आठवड्यात मी लेखी कळवलं की उरलेले ३५,००० भरणार नाही, आणि आधीच्या ५०,००० मधले परत मागितले. दोन महिने टोलवलं. शेवटी मी माझ्या लेटरहेडवर नोटीस दिली, फोडलेल्या पाकिटाचा फोटो जोडला, आणि १८,००० परत आले, व्हिसाचं काम ते करतील या बोलीवर. नाव न घेण्याचा कागद तेव्हाच झाला.

निकाल सांगते कारण सगळे विचारतात. ऑक्सफर्डचा नकार आला. अमेरिकेतल्या एका ठिकाणी झालं, थोडी स्कॉलरशिपही दिली, पण तिकडे मोठ्या शहरात राहणं-खाणं धरून आकडा असा होता की बाबांनी घर गहाण ठेवायची गोष्ट काढली, मी नको म्हटलं. एडिनबरा मिळालं, तिथे १७०७ पासून कायदा शिकवतात, आणि त्यांच्या जमिनीच्या कायद्यावर वाचायला मी आत्तापासूनच सुरुवात केलीये.

तर कुणाला पैसे खर्च करायचेच असतील तर व्हिसा फाईल दाखवण्यापुरते करा, आणि आधी विचारा की ती नक्की कोण बघणार, त्या माणसाशी बोला. एसओपी, रेको, कॉलेजांची यादी यासाठी एक रुपया देऊ नका. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतेय, तोपर्यंत पुण्यातल्या कुणाला ट्रान्सक्रिप्टचं पाकीट कसं बंद करून घ्यायचं ते बघायचं असेल तर दाखवेन, तो सरकलेल्या शिक्क्याचा लिफाफा मी अजून कपाटात ठेवलाय.